पांढरा पोशाख आणि खेळांतील पैसा

पुण्यांत क्रिकेटचा विषय निघाला कीं दोन तक्रारी बहुधा एकदमच ऐकूं येतात. खेळांत पैसा फार शिरला, ही पहिली. आणि शुभ्र पोशाख जाऊन जाहिरातींनीं भरलेले रंगीत सदरे आले, ही दुसरी. पांढरा पोशाख म्हणजे निर्लोभ खेळ व रंगीत पोशाख म्हणजे बाजार, असें समीकरण वयोवृद्ध रसिकांच्या मनांत बसलें आहे. तरुणांना तें भाबडें वाटतें. या वादाचा निवाडा पुण्याच्याच इतिहासावरून करणें इष्ट होईल.

प्रथम रंगाविषयीं. ऑस्ट्रेलियांतील धनिक केरी पॅकर यांनीं १९७७ ते १९७९ या काळांत स्वतंत्र सामने भरविले. त्यांतील कांहीं रात्रीं दिव्यांच्या उजेडांत झाले. रात्रीं तांबडा चेंडू नीट दिसत नाहीं, म्हणून पांढरा चेंडू आला. आणि तो पांढऱ्या कपड्यांत हरवूं नये म्हणून कपडे रंगले. कामावरून सुटलेला प्रेक्षक मिळवावा हा व्यापारी हिशेब त्यामागें होताच. परंतु रंग हा केवळ भपका नव्हता.

आतां पांढऱ्या पोशाखाचा काळ पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू पालवणकर हे पुण्यांतील युरोपियनांच्या क्लबांत अल्प वेतनावर खेळपट्टीची निगा राखीत व साहेबांना सरावासाठीं गोलंदाजी करीत. पुढें हिंदूंच्या संघांत ते आले, तेव्हां त्यांचे कपडे इतरांसारखेच शुभ्र होते. पण चर्मकार कुळांत जन्मल्यामुळें त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. याच गोलंदाजानें १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले.

निर्लोभ खेळ पुण्यानें पाहिला नाहीं असें नव्हे. प्रा. दि. ब. देवधर संस्कृत शिकवून चरितार्थ चालवीत, आणि १९४० सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला. परंतु त्या काळींहि खेळाच्या खर्चाचा मोठा भार संस्थानिक उचलीत, आणि पैशाबरोबर त्यांची मर्जीहि मैदानावर येई.

डिसेंबर १९४८ मध्यें पूना क्लबच्या मैदानावर याचा प्रत्यय आला. काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हांचा विक्रम मोडण्यास अवघ्या दहा धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळीं काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं पुढें खेळण्याचें नाकारलें व सामना सोडून दिला. कोणाच्याहि सदऱ्यावर जाहिरात नव्हती. तरी प्रतिष्ठेपुढें खेळ थांबला. निंबाळकरांना पुढें एकहि कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं.

मग आजचे कंपनीवाले अधिक भरवशाचे आहेत काय? २०१० सालीं सहारा समूहानें ३७ कोटी डॉलर बोलून पुण्याचा आयपीएल संघ घेतला. तो २०११ ते २०१३ असे तीनच हंगाम खेळला. २०१२ सालीं उघडलेल्या गहुंजे येथील क्रीडांगणास समूहप्रमुखांचें नांव मिळालें होतें. पैसे थकल्यानें तेंहि गेलें. ऑक्टोबर २०२४ मध्यें त्याच मैदानावर न्यूझीलंडनें भारतास कसोटींत हरविलें, तेव्हां भारतीयांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर ड्रीम इलेव्हन हें नांव होतें. ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानें बंदी येतांच तेंहि उतरलें. अर्थात्, पांढरा रंग जाहिरातीस अडवूं शकत नाहीं.

तरुण म्हणतात, पैसा आला म्हणूनच माजी खेळाडूंना निवृत्तिवेतन मिळूं लागलें. हें खरें आहे, आणि निंबाळकरांच्या पिढीकडे पाहतां तें लहान सुख नव्हे. वृद्ध म्हणतात, पैसा देणाऱ्याच्या हातीं खेळ जाऊं नये. हेंहि तितकेंच खरें आहे. म्हणून रसिकांनीं सदऱ्याच्या रंगावर भांडत न बसतां एवढेंच विचारावें कीं, पैसा देणारा रुसला अथवा बुडाला, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं सामना ठरल्या वेळीं सुरू होईल काय? १९४८ सालीं ठाकोरसाहेब उठून गेले आणि सामना तेथेंच संपला. ती पाळी पुन्हां कोणा फलंदाजावर न येईल अशी व्यवस्था ज्या पैशांतून उभी राहील, तो पैसा खेळानें अवश्य घ्यावा.