टिपूचा पट्टा

आवाज थोडा बसलाय, समजून घ्या. कारण या एपिसोडमध्येच कळेल. आणि हो, जे वाचताय त्यांच्यासाठी: हे बोललेलं जसंच्या तसं उतरवलंय, फक्त मधले खोकले काढलेत.

आज मी तुम्हाला बदकांच्या शिकारीची गोष्ट सांगणार आहे. घाबरू नका, मी काही मारलेलं नाही. म्हणजे, तसं पाहिलं तर... ते शेवटी तुम्हीच ठरवा.

तर आमचे आबा. माझे आजोबा. वय 82. निफाड तालुक्यात द्राक्षाची बाग, आता काका बघतात. आबा दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हवामान सांगतात. निफाडचं हवामान म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. दर थंडीत बातम्यांत येतं ना, 'निफाडचा पारा घसरला'? तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा. बातमी वाचायला गंमत वाटते, पण ज्याच्या बागेत घड लागलेत त्याला विचारा. रात्री दोन वाजता उठून बागेत शेकोट्या पेटवतात लोक.

याच आबांकडे एके काळी बारा बोअरची बंदूक होती. लायसन्स पीक संरक्षणाचं, पण खरा उपयोग हिवाळ्यात व्हायचा. नांदूर मध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला. पाणी तुंबलं, गाळ साठला, गवत वाढलं, बेटं झाली. बंधारा बांधला शेतीसाठी, आणि वस्तीला आली बदकं. मध्य आशियातून, सायबेरियातून. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. 7,000 मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालीय. आपल्याला पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना धाप लागते.

1960 च्या दशकात आबा पहाटे चारला निघायचे. सायकल, बंदूक, खांद्यावर घोंगडी आणि मागे पळत टिपू. टिपू म्हणजे कुत्रा. एका भोयाची होडी ठरलेली असायची. आबा एकटेच जायचे, कारण दुसरा माणूस म्हटला की बोलणार, आणि बोललं की बदक उठणार. होडीत आडवं पडायचं, बांबूने हळूहळू रेटायचं आणि उजाडायची वाट बघायची. टिपू पुढच्या टोकाला. बार उडेपर्यंत त्याने हलायचं नाही. बार उडाला की उडी, पोहत जायचं, बदक तोंडात धरून आणायचं, पण दात लावायचा नाही. हे आबांनी त्याला सुतळीत गुंडाळलेल्या चिंध्यांवर शिकवलं होतं. काही लोकांकडे तर बंदूकही नसायची. डोक्यावर मडकं घालून गळ्यापर्यंत पाण्यात उतरायचे आणि खालून बदकाचे पाय ओढायचे. हे सांगताना आबांचे डोळे अजून चमकतात, आणि मला नक्की कुठे बघावं कळत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, आणि 1991 च्या दुरुस्तीने लायसन्स काढून करायची शिकारही संपली. नांदूर मध्यमेश्वर 1986 मध्ये अभयारण्य झालं. जानेवारी 2020 मध्ये ते रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. म्हणजे जगभरात महत्त्वाची मानली जाणारी पाणथळ जागा. सलीम अलींनी त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, हे नाशिकचा प्रत्येक माणूस अभिमानाने सांगतो.

आता भरतपूरचंच बघा. तिथे केवलादेवच्या रानात एक दगड आहे, त्यावर शिकारींचा हिशोब कोरलाय. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे, एका दिवसात 4,273 पक्षी. एका दिवसात! आबांना मी हा आकडा सांगितला तर म्हणाले, "एवढे छरे कुणी दिले त्यांना? मी चार काडतुसांत आठवडा काढायचो." आणि सलीम अली स्वतः? लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा डाग असलेली, तिचं नाव शोधत 1908 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून सगळं सुरू झालं. म्हणजे पक्षी मारणारे आणि पक्षी ओळखणारे ही पूर्वी दोन वेगळी माणसं नव्हती. मला हे पचायला जरा वेळ लागला.

बरं, मुद्द्यावर येतो. डिसेंबरमध्ये आबा पडले. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, आता वॉकरवर आहेत, पण नदीवर जाणं संपलं. एक दिवस मला म्हणाले, "तलवार बदकं अजून येतात का रे?" तलवार बदक म्हणजे ते लांब टोकदार शेपटीचं, मान उंच, एकदम रुबाबदार. मी म्हटलं येतात, फोटो दाखवतो. मोबाईलवर दाखवला. त्यांनी हात झटकला. "फोटो नको. तू बघितलीस का?"

मी नव्हती बघितली. नाशिकमध्ये जन्मलो, वाढलो, बी.टेक. केलं, आता घरून कोड लिहितो, पण पहाटेच्या पाण्यावर कधी गेलोच नाही. अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने बघितलंय, शाळेच्या सहलीत. पण आबांसारखं नाही. होडी, अंधार, कुत्रा आणि आपण एकटे. म्हटलं करू. बंदूक सोडून सगळं.

अभयारण्यात कुत्रा घेऊन होडी घालायचा विचारही करू नका, सांगून ठेवतो. मी गेलो बाहेरच्या एका तलावावर. नाव सांगणार नाही. लोकेशन टाकलं की रविवारी पन्नास बाईक येतात आणि ब्लूटूथ स्पीकर. तिथे मासेमारी करणारे एक मामा आहेत, ओळखीचे. त्यांची पत्र्याची छोटी होडी मागितली. ते म्हणाले, "ने, पण कुत्रं कशाला?" मी म्हटलं, "मामा, ती परंपरा आहे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

आमचा शेरू. गावठी, तांबूस, दीड वर्षाचा. त्याचं शिक्षण शून्य. पण जुन्या घराच्या खुंटीला टिपूचा चामड्याचा पट्टा अजून लटकत होता, निफाडच्या चांभाराकडून करून घेतलेला. कडक झाला होता. मी खोबरेल तेल चोळून मऊ केला आणि शेरूला घातला. पट्ट्याला एक ॲल्युमिनियमची चपटी कडी अडकवलेली होती. बिल्ल्याची असेल म्हणून लक्ष दिलं नाही.

पहाटे सव्वापाच. थंडी अशी की वल्ह्याला हात चिकटत होता. मी लाइफ जॅकेट घातलेलं, त्याखाली दोन स्वेटर, वर कानटोपी. आबा घोंगडीत जायचे, मी गादीसारखा दिसत होतो. किनाऱ्यापासून सुटलो आणि मोबाईल खिशात टाकला. धुकं. वल्ह्याचं पाणी, शेरूचा श्वास आणि ती कडी. टिक, टिक. बाकी काही नाही.

मग हळूहळू आवाज यायला लागले. कुठूनतरी बारीक शिट्टीसारखं. गवतातून पाणकोंबडीची कुरकुर. पूर्वेकडे राखाडी झालं, आणि धुक्यात काळे ठिपके दिसायला लागले. आधी वारकरी. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, कुणी नाव ठेवलं असेल त्याला दंडवत. मग थापट्या, चोच फावड्यासारखी, पाणी चाळत गोल फिरत होते. हळदी-कुंकू बदकाची जोडी. चोचीवर खरंच लाल ठिपके आणि टोकाला पिवळं. आणि त्यांच्या मागे, जरा लांब, उंच मानांची एक रांग. पांढरी छाती, तपकिरी डोकं, शेपटीचं टोक वर.

तलवार. मी मोजायला लागलो. अकरा, बारा, तेरा. हात थरथरत होते. थंडीने असेल.

चौदाव्याला शेरूने उडी मारली.

काय सांगू! होडी एका बाजूला कलली, मी दुसऱ्या बाजूला, अर्धं पाणी आत, वल्हं हातातून गेलं. आणि समोर सगळा तलाव उठला. दोनशे असतील, तीनशे असतील, मोजणार कोण? वारकरी पाण्यावर धावत सुटले, थापट्या फडफड करत वर, आणि तलवार तर एका दमात उभ्या उंच. आकाशात दोन चकरा मारल्या आणि दक्षिणेला निघून गेल्या. मिनिटभरात पाणी रिकामं. मी एकटा, कमरेपर्यंत ओला, होडीत बसून मोकळं पाणी बघत होतो.

आबांच्या एका बारात जास्तीत जास्त दोन-तीन बदकं पडायची, बाकीची घाबरून उडायची. माझ्याकडे बंदूक नव्हती, तरी मी सगळी उडवली. ही बदकं इथे नुसती फिरायला येत नाहीत हो. खाऊन-खाऊन चरबी साठवतात, तिच्यावर मार्चमध्ये हिमालयापलीकडे जायचं असतं. प्रत्येक वेळी असं घाबरून उडालं की त्या साठ्यातलं खर्च होतं. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं. तरीही मी कुत्रा नेला, कारण मला आबांच्या गोष्टीसारखी सकाळ हवी होती.

शेरू मात्र खूश. पोहत परत आला, तोंडात काहीतरी धरून. काळजाचा ठोका चुकला. पण ते जाळ्याचं थर्माकोल निघालं. दात न लावता आणलं होतं बरं का, एकदम व्यवस्थित. न शिकवता.

हातांनी वल्हवत कसाबसा काठाला लागलो. मामांनी पाचट पेटवलं, चहा दिला आणि मनसोक्त शिव्या. "बदकांत कुत्रं घेऊन कोण जातं रे इंजिनियर?" उत्तर नव्हतं. शेरूला कोरडं करायला पट्टा काढला, उजेडात धरला, आणि तेव्हा त्या कडीवर अक्षरं दिसली. घासून पुसट झालेली. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. इंग्रजीत: 'इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी'. खाली एक अक्षर आणि काही आकडे.

ती बिल्ल्याची कडी नव्हती. बदकाच्या पायातली होती.

यामागची गोष्ट छान आहे. आपल्याकडे पक्ष्यांच्या पायात अशा कड्या घालायला 1920 च्या दशकात सुरुवात झाली, धार संस्थानात. म्हणजे आपल्या पवारांच्या धारमध्ये, तिथल्या महाराजांच्या पुढाकाराने. पुढे 1960 च्या आसपास सोसायटीने हे काम फार मोठ्या प्रमाणावर केलं. पक्षी पकडायचा, कडी घालायची, नंबर वहीत लिहायचा, सोडून द्यायचा. मग कुठेतरी, हजारो किलोमीटरवर, कोणाच्या तरी हाती तो लागला आणि त्याने पत्र टाकलं, की एक रेघ नकाशावर ओढता येते. आणि तेव्हा ते पत्र टाकणारे बरेचसे कोण असायचे? शिकारीच. रशियातला शिकारी, आपला शिकारी. दुसरं कोण इतक्या जवळून बदकाचा पाय बघणार?

आबांनी पत्र टाकलं नव्हतं.

मी तसाच ओला घरी गेलो. आबा ओट्यावर. पट्टा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी कडी दोन बोटांत फिरवली, बराच वेळ. मग म्हणाले, "इंग्रजी वाचता येत नव्हतं. मास्तरांना दाखवली, ते म्हणाले सरकारी आहे, भानगडीत पडू नको. मग टिपूच्या गळ्यात घातली. त्यानेच आणली होती."

"कोणतं बदक होतं आबा?"

"तलवार. नर."

"कधी?"

"तुझा बाप झाला त्या हिवाळ्यात. संक्रांतीच्या आधी." म्हणजे जानेवारी 1968.

त्या रात्री मी सोसायटीला पाठवायचं मेल लिहायला बसलो. कडीचे फोटो, नंबर, ठिकाण, तारीख अंदाजे. शेरू पायाशी झोपलेला, गळ्यात नेहमीचा नायलॉनचा पट्टा. पक्षी कसा सापडला, हे लिहायची वेळ आली तेव्हा मी थांबलो. 'मृत अवस्थेत' लिहिलं तर खोटं नव्हतं. आबांना विचारलं, काय लिहू?

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मारला म्हणून लिही. आणि खाली लिही, पत्र टाकायला उशीर झाला."

लिहिलं. पाठवलं. मग म्हणाले, "किती बघितल्यास सकाळी?"

"तेरा, आबा. चौदावी मोजताना उडाल्या."

"तेरा म्हणजे बरंय," आबा म्हणाले, आणि हवामानाकडे वळले.