युद्धग्रस्त मुलखातला स्वतंत्र प्रवासी



वसंत व्याख्यानमालेत प्रवासवर्णनावर व्याख्यान आहे असे कळले, की श्रोते जरा सैल होऊन बसतात. दिवसभर उन्हाने जीव हैराण झालेला असतो. तेव्हा संध्याकाळी वक्त्याने स्वित्झर्लंडच्या बर्फाचे चार शब्द ऐकवले तर बरेच वाटते. आम्ही मात्र आज आपल्याला थंड प्रदेशात नेणार नाही. जिथे लढाई चालू आहे किंवा नुकतीच संपली आहे, रस्ते धड नाहीत, सरकार कोणाचे ते सांगता येत नाही, अशा मुलखात आपल्या जबाबदारीवर जाणारा आणि परत येऊन लिहिणारा माणूस, हा आमचा आजचा विषय आहे. त्याच्या लिहिण्याचे मोल काय, आणि आपण ते कसे वाचावे, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

'असल्या मुलखाशी आम्हां नगरकरांचा काय संबंध?' असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे, की आपले नगर हेच एके काळी असला मुलूख होते. कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादेहून बापाचे बोट धरून आलेला एक मुलगा निजामशाहीत वाढला. पुढे फिरिश्ता म्हणून तो इतिहासकारांत गाजला. १५८८-८९ च्या सुमारास नगरच्या दरबारात बापलेकांचे रक्तरंजित राजकारण झाले, पाठोपाठ परदेशी लोकांची कत्तल झाली. त्यातून हा वाचला आणि विजापुरास निघून गेला. तिथे बसून त्याने जो इतिहास लिहिला, त्यात आपल्या शहराचे ते भयंकर दिवस आले आहेत. पुढे ऑगस्ट १८०३ मध्ये वेल्स्लीने नगरचा किल्ला घेतला. आधीच्या वर्षी होळकरांच्या फौजांनी मुलूख तुडवलेला, त्यात पाऊस गेला, आणि १८०३-०४ चा दुष्काळ पडला. त्या वेळी इथे आलेला परका माणूस आपल्याविषयी काय लिहून घेत असेल? तो तोफा मोजत असेल, की रिकामी कणगी पाहत असेल? हा प्रश्न मनात ठेवून पुढचे ऐकावे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि नगर जिल्ह्याला पहिला कलेक्टर आला. त्याचे नाव कॅप्टन हेन्री पॉटिंजर. जमाबंदीच्या कागदांमुळे त्याचे नाव इथे राहिले. पण नगरला येण्यापूर्वी त्याने जे केले होते ते फारसे कोणाला ठाऊक नसते. जानेवारी १८१० मध्ये तो आणि कॅप्टन ख्रिस्ती असे दोघे तरुण अधिकारी मुंबईहून जहाजाने निघाले. घोड्यांच्या एका सौदागराचे गुमास्ते, असे त्यांचे सोंग होते. सोनमियानीच्या बंदरात उतरून ते कलातला गेले, नुश्कीला त्यांची ताटातूट झाली. ख्रिस्ती हेरातच्या वाटेला लागला. पॉटिंजर बलुचिस्तानच्या वाळवंटातून इराणात करमानला पोहोचला. इस्फहानला दोघांची पुन्हा गाठ पडली. १८१६ मध्ये पॉटिंजरने या प्रवासाचे पुस्तक छापले. ते आजही वाचनीय आहे. वाळूच्या लाटा, तहान, वेष उघडा पडण्याची भीती, सारे त्यात आहे. हा माणूस भित्रा नव्हता आणि आंधळाही नव्हता.

पण तो स्वतंत्र नव्हता. फ्रेंचांची फौज त्या बाजूने हिंदुस्थानावर आली तर कोणत्या वाटेने येईल, हे कंपनी सरकारला हवे होते, आणि त्यासाठी त्याला पाठवले होते. विहीर दिसली की तिचे पाणी किती, दोन विहिरींत अंतर किती, गावात धान्य किती, हे तो चोरून टिपत असे. विहीर तीच, पण तिच्याकडे पाहताना त्याच्या डोळ्यांपुढे पाणी भरणारी बाई नसे, पाणी पिणारी पलटण असे. ज्या कलातने या दोघांना सौदागराची माणसे समजून थारा दिला, त्याच कलातवर नोव्हेंबर १८३९ मध्ये इंग्रजी फौज चालून गेली आणि तिथला खान मेहराबखान लढता लढता मारला गेला. १८४३ मध्ये सिंधही गेला. हे पॉटिंजरच्या टिपणांमुळेच झाले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पाहुणा म्हणून आलेल्याने घराचा नकाशा काढून नेला, तर यजमानाने पुढच्या पाहुण्याला दार का उघडावे?

दुसरे उदाहरण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे. १८०३ च्या मोहिमेत तो वेल्स्लीबरोबर होता, आणि पुढे पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर झाला. मधल्या काळात, १८०९ मध्ये, तो वकील म्हणून शाह शुजाच्या भेटीला गेला. बरोबर मोठा लवाजमा. पण भेट पेशावरात झाली आणि काबूल त्याने पाहिलेच नाही. १८१५ मध्ये त्याने काबूलच्या राज्यावर जो ग्रंथ छापला, तो बराचसा माणसांना विचारून लिहिलेला आहे, आणि ही गोष्ट त्याने लपवलेली नाही. गंमत अशी, की त्याच ग्रंथाच्या पुरवणीत डूरी नावाच्या बंगालकडच्या एका तरुणाची हकिकत आहे. लवाजमा नाही, खलिता नाही, खिशात फारसे काही नाही. तरी हा मुलगा मुसलमान प्रवाशाच्या वेषात काबूल-कंदाहार पाहून आला. वकिलाची पालखी जिथे थांबली, तिथून एकटा पांथस्थ पुढे चालत गेला.

आता आपल्या माणसाकडे येतो. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज, भिक्षुकीवर ते फिटेना. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, मोठी दक्षिणा मिळेल, असे कानावर आले आणि १८५७ च्या मार्चमध्ये ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. ना कोणी पाठवलेले, ना कोणाला अहवाल द्यायचा. महूच्या जवळपास पोहोचतात तो बंडाची बातमी येऊन थडकली, आणि हा दरिद्री ब्राह्मण त्या वणव्यात सापडला. ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा ते झाशीतच होते. शहर पडले, कत्तल झाली, लूट झाली. जीव मुठीत धरून ते लपून राहिले.

त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात सेनापतींचे डावपेच शोधू नयेत. ते त्यांना कळत नव्हते. पण लुटीत आधी सोने-नाणे गेले, मग भांडीकुंडी गेली, मग कपडा आणि धान्यही गेले, हा क्रम त्यांना ठाऊक आहे. लोक विहिरींत कसे लपले, पाण्यावाचून कसे तळमळले, हे त्यांनी सांगितले आहे. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना धुळीने माखलेली, तहानलेली राणी लक्ष्मीबाई भेटली. हे पाणी काढून देऊ लागले, तर विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून तिने स्वतःच पाणी काढले, ही हकिकत त्यांच्याचमुळे आपल्याला माहीत आहे. पॉटिंजरच्या वहीत विहीर फौजेच्या हिशेबात येते; गोडशांच्या वहीत तिच्याकाठी तहानलेले माणूस उभे आहे. सरकारला पहिली वही हवी असते, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या लोकांवर लढाई कोसळली त्यांची साक्ष दुसऱ्या वहीतच मिळते.

म्हणून गोडसे म्हणतील ते सारे खरे मानावे काय? मुळीच नाही. इंग्रज सरकार धर्म बुडवण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमे अमलात आणणार, अशी शिपायांकडून ऐकलेली गोष्ट त्यांनी लिहिली आहे. तसली कलमे सरकारने केली होती असे त्यावरून ठरत नाही. पण शिपाई तसे मानत होते, हे मात्र ठरते. शिवाय त्यांनी लिहिले ते पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. इतक्या काळात तारखा ढळतात. वाचकाने डोळ्यांचे आणि कानांचे असे दोन ढीग वेगळे करावेत. दोन्ही उपयोगाचे, फक्त एकात मिसळू नयेत.

आणखी एक गोष्ट. आपल्या मरणानंतरच हे छापावे, अशी गोडशांची अट होती. इंग्रज सरकारचे भय होते, आणि ते खोटे नव्हते. वैद्यांनी पुस्तक १९०७ मध्ये काढले तेही भाषेवर हात फिरवून आणि काटछाट करून. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात सुखरूप राहिले. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ पाठ छापला, तेव्हा गोडशांचा आवाज जसाच्या तसा लोकांना ऐकू आला. म्हणजे घटनेपासून शंभरावर वर्षे गेली. एका सामान्य माणसाची साक्ष कागदावर यायला, आणि आलेली टिकायला, इतके सायास पडतात.

हा वसा मराठीत पुढेही चालला. काबूलमध्ये राहिलेल्या प्रतिभा रानडे यांनी 'अफगाण डायरी' लिहिली. निळू दामल्यांनी 'अवघड अफगाणिस्तान' आणि 'इस्तंबूल ते कैरो' लिहिले. मीना प्रभूंनी 'गाथा इराणी' लिहून, बातम्यांत नुसत्या घोषणा देताना दिसणाऱ्या लोकांची घरे दाखवली. ही पुस्तके आपल्या ग्रंथालयांत असतील तर धूळ झटकून वाचावीत. नसतील तर मागवावीत.

आता थोडे आजचे. पूर्वी परमुलखाची हकिकत यायला वर्षे लागत. हल्ली दोन तासांत येते. तरुण मुले पाठीवर पिशवी टाकून पडक्या शहरांत जातात आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवर चित्रफीत दाखवतात. त्यांच्या धाडसाला आम्ही नावे ठेवणार नाही. घरात बसून जगाविषयी मते बनवणाऱ्यांपेक्षा ती बरी. परंतु गोडशांनी आपल्या जिवासाठी जी सावधगिरी घेतली, ती यांनी यजमानाच्या जिवासाठी घ्यायला नको काय? ज्याने भाकरी दिली त्याचे तोंड, त्याची गल्ली, सरकारविषयी तो रागाने काय बोलला ते, सारे जगापुढे मांडून हा विमानाने घरी येतो; आणि तो बिचारा तिथेच राहतो. दुसऱ्याच्या पडक्या घरापुढे हसत काढलेले छायाचित्र हे प्रवासवर्णन नव्हे.

तेव्हा असे पुस्तक किंवा चित्रफीत हाती आली, की चार गोष्टी विचाराव्यात. हा कोणाच्या पैशाने गेला? पाहिले किती आणि ऐकले किती? चुलीपर्यंत पोहोचला, की नाक्यावरूनच परतला? आणि ज्यांनी बोलून दाखवले त्यांना याच्या लिहिण्याने अपाय तर होणार नाही? या चारांतून जो पार पडेल त्याचे लिहिणे जपून ठेवावे, मग त्याची भाषा ओबडधोबड का असेना. गोडशांची तशीच होती.

आणि या सभेत जी मुले उद्या निघणार असतील त्यांना एवढेच सांगणे, की खुशाल जावे. मात्र जाताना १८०४ चे नगर आठवावे. पाऊस नाही, पेठ लुटलेली, आणि दारात वही घेऊन एक परका उभा आहे. त्याने आपल्या पणजोबा-खापरपणज्यांना काय विचारले असते तर ते त्याच्याशी बोलले असते, याचा विचार करावा आणि तिथल्या लोकांना तेच विचारावे.