रकान्याबाहेरची मोजणी



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण लवकरच सातारा-सांगलीतल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू व्हाल. महिना संपला की टेबलावर मासिक अहवाल येईल. बाह्यरुग्ण किती, बाळंतपणं किती, लसीकरण किती, मृत्यू किती. तुमचं केंद्र जिल्ह्यात कितवं, हे त्यावरून ठरेल.

असे अहवाल मीही भरले. एका वर्षी माझ्या केंद्रात एकही मातामृत्यू नव्हता, म्हणून आढावा बैठकीत माझं कौतुक झालं. रक्तदाब वाढलेली, अंगात रक्त नसलेली बाई आली की आम्ही तिला मोठ्या रुग्णालयात पाठवायचो. पाठवणं योग्यच होतं. पण पुढे ती दगावली तर मृत्यू त्या रुग्णालयाच्या खात्यावर पडायचा. मिरजेच्या मोठ्या रुग्णालयाचंच बघा. जत-आटपाडीचे आणि थेट कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचे अत्यवस्थ रुग्ण तिथे येतात. नुसते मृत्यू मोजले तर सगळ्यांचं ओझं वाहणारी संस्था नापास आणि पाठवून मोकळा झालेला मी पहिला! त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते.

लोकसंख्येच्या निकषाचंही तसंच. मैदानी भागात ३० हजारांमागे एक केंद्र, डोंगराळ भागात २० हजारांमागे. पाटण-जावळीच्या चढणींची दखल त्यात आहे. जतच्या माळावर दूरदूर पसरलेल्या वस्त्यांची नाही.

मोजूच नये, असं मी म्हणत नाही. २०१५ पासून सरकारच्या ‘कायाकल्प’ योजनेत स्वच्छतेला गुण मिळू लागले आणि रुग्णालयांच्या मोऱ्यांकडे साहेबांचं लक्ष गेलं. (तपासणीच्या आदल्या रात्री संपणाऱ्या फिनाइलचा हिशेब तूर्त सोडून देऊ.)

मला मनापासून पटलेली मोजणी मात्र साताऱ्यातली. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, म्हणून तिचं नाव ‘नकुशा’ ठेवायचं, ही इथली जुनी रीत. असं नाव घेऊन किती मुली वावरतात, हे विचारणारा रकाना कुठल्याही नमुन्यात नव्हता. जिल्ह्यात त्या शोधल्या गेल्या. २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींना साताऱ्यात समारंभानं नवी नावं मिळाली. या मोजणीला ना उद्दिष्ट होतं, ना टक्केवारी. आरोग्यव्यवस्थेनं स्वतःला विचारलेला इतका नेमका प्रश्न माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईनं सहा भेटी द्यायच्या असतात, शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. अहवालात त्या भेटीपुढे बरोबरची खूण असेलच. सही करण्याआधी महिन्यातून एकदा तरी आशाताईबरोबर त्या घरी जा, आणि त्या बाईला विचारा, ‘बाई, तुम्ही कशा आहात?’