चौथ्या मजल्यावरून डॉक्टरांना फोन

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. 'ते लिहून द्या' असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून स्मरणिकेसाठी दिला आहे.)



मला विषय दिला होता 'सोसायटीच्या आठवणी'. आठवणी आजच्या कार्यक्रमात सगळेच सांगणार आहेत. पाण्याचा टँकर, पहिला गणपती, गच्चीची गळती, सगळं येईल. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे नुसतं गोड बोलायची सवय नाही. मी कामाचंच बोलते.

डोंबिवलीत आपण ही जागा घेतली तेव्हा तळ अधिक चार मजले आणि लिफ्ट नाही, याचं कोणालाच काही वाटलं नव्हतं. उलट चौथा मजला थोडा स्वस्त पडला म्हणून आम्ही खूश होतो. हे खांद्यावर गहू-तांदळाच्या गोण्या घेऊन चढायचे. गेली सात वर्षं यांना पार्किन्सन आहे, तुम्हाला माहीतच आहे. मोठे डॉक्टर मुंबईला. सुरुवातीला आम्ही लोकलने जायचो. मग दादरचा जिना नको झाला म्हणून टॅक्सी. शिळफाट्याला गाडी अडकली की गोळीची वेळ रस्त्यातच टळायची, आणि या आजारात गोळीची वेळ टळली की माणूस लाकडासारखा होतो. तसा कडक झालेला माणूस डॉक्टरांपुढे न्यायचा, पाच मिनिटं दाखवायचा आणि परत आणायचा. पुढचे दोन दिवस अंथरुणात. शेवटी एकदा यांनीच विचारलं, "मी बरा व्हायला जातो की दमायला?"

तेव्हापासून आम्ही दर दोन महिन्यांनी फोनवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवतो. सहा महिन्यांतून एकदा मात्र प्रत्यक्ष जातोच. ही सोय कोणाची मेहेरबानी नाही. 25 मार्च 2020 ला, लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले. नोंदणी असलेला डॉक्टर फोनवर तपासू शकतो, सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवू शकतो, आणि फीसुद्धा घेऊ शकतो. तेव्हा "फोनवरच तर बोलले, पैसे कसले?" असं म्हणू नका, पावती मागा. त्याच डॉक्टरांनी त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलेलं असेल, तर फोनवर औषध पुढे चालू ठेवणं त्यांना सोपं जातं. आमच्या सहा महिन्यांच्या फेरीचं कारण हेच. आणि काही औषधं फोनवर देताच येत नाहीत, अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी त्यातलीच. डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नका.

आता आमची पहिली फजिती. रुग्णालयातून सांगितलं होतं, अकरा ते चारच्या मध्ये कधीही फोन येईल. अकरापासून फोन हातात धरून बसले. पावणेचारला कचरेवाला आला म्हणून दारापर्यंत गेले, तेवढ्यात फोन वाजून गेला. परत लावला तर एंगेज. त्या दिवशी मी रडले हो, खरंच. नंतर शहाणपण आलं. वेळ ठरवताना मी आता विचारते, कोणत्या नंबरवरून फोन येईल, चुकला तर मी कोणाला लावायचा, आणि आपल्या आधी किती पेशंट आहेत. हे तीन प्रश्न विचारले की पलीकडची मुलगीसुद्धा जरा नीट बोलते.

दुसरी फजिती आमच्या विंगमधल्या एका काकांची. नाव सांगत नाही, ते इथेच बसलेत. रुग्णालयाचा नंबर त्यांनी इंटरनेटवर शोधला. जो नंबर मिळाला त्यावरच्या माणसाने नोंदणीसाठी दहा रुपये भरायची लिंक पाठवली. दहा रुपये भरले आणि खात्यातून बरेच गेले. तेव्हा नंबर जुन्या केसपेपरवरचाच घ्या. आमचा मी फ्रिजवर चिकटवलाय.

कॉलच्या वेळी फोन हातात धरू नका. मी रव्याच्या स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवते. खिडकीचा उजेड यांच्या तोंडावर पडला पाहिजे, पाठीवर नाही, नाहीतर डॉक्टरांना नुसती सावली दिसते. आमच्याकडे नेटवर्क फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येतं, म्हणून यांचा दवाखाना ओट्याजवळ. डॉक्टर यांना अंगठा आणि तर्जनी भरभर जुळवायला लावतात, हाताची घडी घालून खुर्चीतून उठायला लावतात, पॅसेजमध्ये चालून वळायला लावतात. वळताना पाय जमिनीला चिकटतात, ते त्यांना स्पष्ट दिसतं. हाताचा ताठरपणा मात्र हात धरून वाकवल्याशिवाय कळत नाही. तो फोनवरून कळणार नाही, हे डॉक्टरच सांगतात.

आणि वही. आदल्या आठ दिवसांची वही मी लिहिते. गोळी किती वाजता, परिणाम किती वाजता सुरू झाला, किती वाजता उतरला. एकदा यांना उभं राहिलं की गरगरायचं. मला वाटलं अशक्तपणा, मी बदामाचं दूध सुरू केलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आडवं असताना बीपी घ्या आणि उभं राहून तीन मिनिटांनी परत घ्या. आडवे असताना वरचा आकडा 140, उभे असताना 108. या आजारात असं होतं म्हणे. बीपीच्या जुन्या गोळीचा डोस त्यांनी कमी केला आणि गरगरणं पुष्कळ थांबलं. हे यांचं झालं हं, कोणी ऐकून आपली गोळी कमी करू नये. आणि ते दूधही गोळीबरोबर नकोच होतं. दूध, डाळ पोटात असली की गोळी नीट शोषली जात नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. पहिले तीन-चार कॉल मीच बोलायचे. यांचा आवाज या आजाराने बारीक झालाय, शब्द यायला वेळ लागतो, आणि मला वाटायचं डॉक्टरांची दहा मिनिटं वाया नकोत. ते विचारायचे यांना, उत्तर द्यायचे मी. "झोप कशी?" "चांगली आहे हो." "पडले का कधी?" "नाही नाही." एकदा डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही जरा थांबा. मला यांच्याकडून ऐकायचंय." मी गप्प बसले. यांनी किती वेळ घेतला असेल? अर्धा मिनिट असेल, मला तास वाटला. मग म्हणाले, "दोनदा पडलो. रात्री, बाथरूममध्ये. हिला सांगितलं नाही. ही परत मुंबईला न्यायची, म्हणून."

मी शेजारच्या खोलीत झोपत होते आणि मला माहीत नव्हतं. तुम्हाला मी नेहमी सांगत असे, यांची काळजी मी एकटी व्यवस्थित घेते. त्याच आठवड्यात बाथरूममध्ये दांड्या बसवल्या आणि माझी गादी त्यांच्या खोलीत आणली. तेव्हापासून कॉल सुरू झाला की मी मागच्या स्टुलावर बसते आणि बोलावलं तरच बोलते. नियमातही असंच आहे म्हणे, पेशंट स्वतः बोलू शकत असेल तर दुसऱ्याने त्याच्या वतीने बोलायला त्याची परवानगी लागते. मला ते नियमातून नाही कळलं.

फोनला मर्यादा आहे, तेही सांगते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री दहाच्या सुमारास हे एकदम असंबद्ध बोलायला लागले. मला ओळखेनात, अंगात ताप. मुंबईचे डॉक्टर त्या वेळी कुठून मिळणार? आपल्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "फोनवर काही होणार नाही. 108 लावा आणि हलवा." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि बसून राहिले. चार मजले, पाऊस, कोण उचलणार, सकाळपर्यंत बघू. चाळीस मिनिटं मी बसून काढली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी माझा आवाज ऐकला म्हणून त्या वर आल्या, नाहीतर मी सकाळच केली असती. त्यांची दोन्ही मुलं आणि तळमजल्याचे दादा, सोसायटीच्या ऑफिसातली लाकडी खुर्ची घेऊन आले. यांना माझ्या साडीने खुर्चीला बांधलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सायकली होत्या, त्या हलवायला पाच मिनिटं गेली. लघवीचा संसर्ग निघाला, सहा दिवस रुग्णालयात होते. त्या मुलांचे आभार मी तेव्हा नीट मानले नव्हते, ते आज मानते.

तर कमिटीला माझी विनंती आहे. लिफ्टचा ठराव दोन वर्षं 'पुढील सभेत' आहे, तो या सभेत घ्या. पैशांचा प्रश्न मोठा आहे, तळमजल्याच्या लोकांनी किती द्यायचे हा वादही खरा आहे, मला तो मान्य आहे. तो सुटेपर्यंत हात असलेली एक भक्कम खुर्ची पट्ट्यासकट जिन्याखाली ठेवा, आणि ज्या घरांत रात्री दोन माणसं उचलायला येऊ शकतील त्यांचे नंबर नोटीस बोर्डावर लावा. आमच्या विंगमध्ये सात घरं तयार आहेत, मी विचारून आलेय. सायकलींबद्दल परत बोलत नाही, ज्यांच्या आहेत त्यांना कळलंय.

ज्यांचं कुठलंच रुग्णालय ठरलेलं नाही त्यांच्यासाठी सरकारची ई-संजीवनी आहे. घरून डॉक्टरांशी बोलता येतं आणि ते विनामूल्य आहे. कसं लावायचं ते दुपारच्या वेळी घरी या, मी दाखवीन. वहीची पानंही दाखवीन, हवी तर फोटो काढून न्या.

आता मला जरा लवकर उतरू द्या. हे वर गॅलरीत बसून ऐकतायत, सव्वासातची गोळी आहे त्यांची. जेवणात पनीर आहे असं कळलं. त्यांचं ताट आठनंतरच वर पाठवा, आधी नको.