पोचल्याचा फोन
(संघटनेच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



परवा रात्री साडेदहाला आम्ही चौघी पुण्यात परतलो. गाडी धड, माणसं धड, हिशोबाची वही धड. अकरा दिवसांत एकदा टायर आणि एकदा माझी कंबर, एवढंच बिघडलं. ज्यांच्या ज्यांच्या घरी उतरलो, त्या सगळ्यांनी निघताना एकच बजावलं होतं, 'पोचल्याचा फोन करा.' काल दिवसभर मी तेच केलं. एकोणीस घरं होती, सतरा फोन लागले.

दौरा कशासाठी होता ते तुम्हाला माहीत आहे. सल्ला केंद्राचं भाडं आणि दोघींचं मानधन यांची सोय करायची होती. वर्गणी आता मोबाइलवरून मिनिटात येते, मग डिझेल जाळून घरोघर कशाला हिंडायचं, असं बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात आपल्या एक जुन्या वर्गणीदार आहेत, निवृत्त शिक्षिका. याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने राज्यभर परिपत्रक काढलं. आपण तेव्हा अंकात त्याचं कौतुक छापलं होतं. बाई म्हणाल्या, 'छापलंत ते वाचलं. माझे मिस्टर गेले, त्यानंतर पुतण्याच्या हळदीला मला आतल्या खोलीत बसवलं.' मग त्या स्वतःच उठून मांडवात गेल्या. कुणी अडवलं नाही, पण कुणी बोललंही नाही. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दर वर्षी पावतीसाठी आपला फोन त्यांना जातो, पण 'फोनवर कसं सांगायचं गं?'

सोलापुरात विडी कामगार बायकांनी दहा-दहाच्या नोटा मोजून दिल्या. किल्लारीच्या बाजूला एका घरी १९९३ च्या भूकंपाच्या आठवणी निघाल्या आणि जेवायला रात्रीचे अकरा वाजले. वाटेत बायकांसाठी धड स्वच्छतागृहं नाहीत, हे मी दर दौऱ्यानंतर सांगते. याही वेळी सांगते.

आता बीडचं. आम्ही पोचलो तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या परतत होत्या. दिवाळीच्या आसपास गाव सोडायचं आणि पट्टा पडला की यायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल मुकादमाकडून मिळते ती बहुतेक नवऱ्याच्या हातात, आणि खाडा झाला तर कापले जातात दोघांचे पैसे. पाळीच्या दिवसांत खाडा नको म्हणून आणि डॉक्टरांनी घातलेल्या भीतीने इथल्या कितीतरी बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये त्यावर गदारोळ झाला, शासनाने चौकशी समिती नेमली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, पोरं आणि त्यावर बायका, असा रात्रभराचा प्रवास करून त्या येतात. आपण सुखरूप येण्याचं एवढं बोलतो, पण त्यांना कुणी पोचल्याचा फोन करायला सांगत असेल का, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळी बैठक संपली आणि एक बाई गाडीजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, 'मला पुण्याला न्या.' फडावर नवरा मारायचा, पण तिथे पालाला पाल लागून असतं, कुणीतरी मध्ये पडायचं. घरात दार लावून घेता येतं. घर सासऱ्याच्या नावावर, म्हणून आपला हक्कच नाही, असं तिला वाटत होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे. सासरच्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हे मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'आज रात्री काय?'

आमच्यात दोघींचं म्हणणं न्यावं, दोघींचं नको. मी 'नको' म्हणणाऱ्यांत होते, हे लपवत नाही. आधी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले हवालदार म्हणाले, 'तुम्ही उद्या जाल, हिला इथंच राहायचंय.' बोलले ते दरडावण्याच्या सुरात, पण खोटं नव्हतं. नोंद घ्यायला लावली आणि तिला चाळीस किलोमीटरवर बहिणीकडे सोडलं. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा आपला नियम मोडला, त्याचा जाब कार्यकारिणीने मला विचारावा. गाडी चालवणाऱ्या मुलीला नको.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याकडे कोण गेलं? आपल्या तिथल्या वर्गणीदार ताई. वर्षाला दोनशे रुपये देणारं एक नाव, एवढीच त्यांची ओळख माझ्या वहीत होती. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायलो नसतो, तर त्या रात्री मला त्यांचं दार ठोठावायचं सुचलंही नसतं. बैठकीतल्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

पैशांचं म्हणाल तर आठ महिने भागेल एवढे जमले. बारा महिन्यांचे हवे होते.

न लागलेल्या दोन फोनांपैकी एक त्या बहिणीचा आहे. काल चार वेळा केला, आज इथे येण्याआधी दोनदा. ताई उद्या सकाळच्या एसटीने तिकडे जाणार आहेत. निघताना त्यांनाही मी सांगितलंय, पोचल्यावर फोन करा.