वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी

(नागपूर येथे आरोग्य-स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी वैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. रोगजंतूंविषयी आपल्याला काही नवे सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु निरोप एकाच्या मुखातून निघून दुसऱ्याच्या कानी पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हे पाहण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली. आपल्या विदर्भात हत्तीरोगाचे काम जिथे अडते, तिथे औषध कमी पडत नाही. निरोप कमी पडतो, असे माझे मत आहे. तेवढ्यापुरतेच आज बोलतो.

हा रोग आपल्याला नवा नाही. सुश्रुतसंहितेत ‘श्लीपद’ या नावाने त्याचे वर्णन आहे आणि जुने पाणी साचून राहते अशा, सर्व ऋतूंत थंड असणाऱ्या प्रदेशांत तो विशेष आढळतो, हे निरीक्षणही आपल्या वैद्यकपरंपरेने नोंदवून ठेवले आहे. त्यातील डासाचा वाटा उलगडला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पॅट्रिक मॅन्सन यांच्या संशोधनातून. स्वतंत्र भारताने राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली हाती घेतला. आपल्या शेजारी, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, या रोगावर दीर्घकाळ संशोधन झाले. २००४पासून वर्षातून एकदा सर्वांना औषध देण्याची मोहीम देशभर सुरू झाली. जानेवारी २०१९मध्ये आयव्हरमेक्टिनसह तीन औषधे एकत्र देण्याचा प्रयोग ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम झाला, त्यांत नागपूर होते. म्हणजे ज्ञान, संशोधन, औषध यांपैकी कशाचीच वाण नव्हती. तरीही उच्चाटनाची तारीख पुढे पुढे सरकत राहिली. २००२च्या आरोग्य धोरणाने २०१५ हे वर्ष ठरविले होते. २०२३ साली केंद्र शासनाला २०२७ हे वर्ष जाहीर करावे लागले. दरम्यान २०१६मध्ये श्रीलंका या रोगातून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने घोषित केले.

असे का व्हावे? गोळी वाटणे आणि गोळी गिळणे या दोन क्रिया आपण एकच मानल्या, हे त्याचे एक मोठे कारण. वहीत घराचा क्रमांक, माणसांची संख्या आणि दिलेल्या गोळ्या लिहिल्या की काम संपले, असा समज रूढ झाला. ‘जेवण झाल्यावर घेतो’ म्हणून ठेवलेली पुडी देवघरातल्या कोनाड्यात, दूरदर्शन संचावर किंवा थेट कचऱ्यात गेली. कागदावर जिल्हा औषध घेऊन बसला, कृमी मात्र जागच्या जागी. आता समोर उभे राहून गोळी खाऊ घालण्याचा आग्रह धरला जातो, तो याच अनुभवातून.

न घेणाऱ्या माणसाला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण त्याची बाजू ऐका. त्याला ताप नाही, पाय सुजलेला नाही, तो रोज कामाला जातो. त्याला आपण सांगतो की गोळ्या खा. का? तर तुझ्या शरीरात कृमी असतील, आणि नसतील तरीही खा! याचे उत्तर त्याला कुणीतरी नीट दिले पाहिजे. हे कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. त्यांची सूक्ष्म पिल्ले रात्री रक्तात फिरतात, डास ती शोषून घेतो आणि शेजारच्या घरी पोहोचवितो. बाहेरून धडधाकट दिसणारा माणूस असा अनेक वर्षे रोग वाहत असतो. पाय हत्तीसारखा झाला की तो पूर्ववत होणे जवळजवळ अशक्य. म्हणून ही गोळी तो आज खातो ती स्वतःइतकीच शेजाऱ्याच्या लेकरासाठी. हे कळले तर आपला माणूस नाही म्हणत नाही. रक्तदानाला रांगा लावणारे हेच शहर आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. ज्याच्या रक्तात ही पिल्ले आहेत, त्याला गोळी घेतल्यावर ती मरू लागल्याने थोडा ताप, मळमळ, चक्कर असा त्रास होऊ शकतो. म्हणजे त्रास बहुधा त्यालाच, ज्याला औषधाची सर्वाधिक गरज होती! हे आधी सांगितले तर तो त्रास औषध लागू पडल्याची खूण ठरतो. आधी लपविले, तर तोच त्रास संध्याकाळपर्यंत वस्तीभर ‘विषबाधा’ होऊन फिरतो आणि पुढील वर्षी दार उघडत नाही. लोक घाबरतील म्हणून सांगायचे नाही, हा कार्यालयीन शहाणपणा मला कधीच पटलेला नाही. तसेच दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व गंभीर रुग्ण यांना औषध देत नाहीत, उपाशीपोटी देत नाहीत, हेही दारातच स्पष्ट सांगावे. कुणाला वगळतो हे सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो. आमच्या व्यवसायाचाही येथे दोष आहे. मुले रुग्णालयात दाखल झाल्याची बातमी चार स्तंभी. ती संध्याकाळी हसतखेळत घरी परतली, ही बातमी लागतच नाही.

विश्वास गमावल्याने काय होते, याचा धडा महाराष्ट्राने १८९७ साली गिरविला आहे. पुण्यात प्लेग आवरणे हा हेतू चुकीचा नव्हता. परंतु रँडच्या कारभारात गोरे सोजीर घरात घुसले, माजघर आणि देव्हारा यांची मर्यादा राहिली नाही, आणि लोक रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. लोकांनी आपले म्हटले ते कोणाला, हे वेगळे सांगायला नको.

संवाद कसा करावा हे शिकायला आपल्याला परदेशी पुस्तके उघडण्याची आवश्यकता नाही. अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हाती घेत, आणि रात्री कीर्तनात उपदेश करण्याऐवजी प्रश्न विचारीत. उत्तर श्रोत्यांच्या तोंडून वदवून घेत. आपण पत्रक वाचून दाखवितो, ते विचारीत असत. हा फरक लहान नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनेही ग्रामस्वच्छता घराघरात नेली. आशाताई किंवा स्वयंसेवकाने दारात उभे राहून ‘गोळी घ्या’ म्हणण्याऐवजी ‘मागच्या वर्षी घेतली होती का, काय झाले होते?’ एवढे विचारले तरी निम्मा अडथळा कळतो.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. आपल्याकडे डास म्हटले की कूलर आठवतो. उन्हाळा संपला की कूलरमधले पाणी काढा, टाक्या कोरड्या करा, हे आपण वर्षानुवर्षे ऐकतो आणि ते योग्यच आहे; पण तो डेंग्यूचा डास. तो स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यात, तुंबलेल्या नालीत, शौचालयाच्या टाकीत वाढतो आणि रात्री चावतो. दोन्ही निरोप एका भोंग्यातून दिल्याने लोक कूलर धुतात आणि टाकीच्या वायुनळीला जाळी बांधायची राहून जाते. त्या नळीच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधायला खर्च तो काय? एका गल्लीतल्या तरुणांनी रविवारच्या सकाळी शिडी घेऊन फिरावे, सारी गल्ली दुपारपर्यंत होईल.

आणि ज्यांचा पाय सुजलेलाच आहे, त्यांना विसरू नका. रोज साबणाने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, जखमेला मलम लावणे, एवढ्याने वारंवार येणारा ताप व ठणका पुष्कळ कमी होतो. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते, पण लाजेपोटी पुरुष ती वर्षानुवर्षे बोलून दाखवीत नाहीत. अशा एका माणसाला आपण रुग्णालयात नेले, तर मोहिमेच्या दिवशी त्याच्या घरचे पुडी कोनाड्यात ठेवणार नाहीत. शेजाऱ्यांनाही तेच समजावतील.

शेवटी रात्रीच्या रक्तनमुन्याविषयी. पिल्ले रात्री रक्तात येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री आठनंतर दारे वाजवितात. अनोळखी माणूस त्या वेळी बोटाला सुई टोचायला आला, तर आपण तरी दार उघडू का? आपल्या वस्तीत पथक येईल त्या रात्री आपल्यापैकी एकाने जेवण लवकर उरकून त्यांच्याबरोबर फिरावे, आणि पहिली हाक आपण मारावी.