एकटीनं जायचं, पण सांगून



आम्ही नाशिकच्या अकरा जणी. रोज सकाळी तासभर चालतो आणि महिन्यातून एकदा जवळचा एखादा डोंगर चढतो. पांडवलेणी झाली, चामरलेणी झाली, रामशेज झाला. आज सांगणार आहोत ते आमच्यातल्या एकीनं एकटीनं केलेल्या चढाईबद्दल, आणि त्या निमित्तानं आमच्या एका चुकीबद्दलही.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना साधारण वीस किलोमीटरवर डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर लागतो. उंची सुमारे ४२०० फूट. हनुमानाचा जन्म इथला, अशी आपली श्रद्धा. वर अंजनीमातेचं मंदिर आहे. पावसाळ्यात या डोंगराच्या कड्यावरून पांढऱ्या धारा सुटतात. बसमधून त्या बघताना आमची मैत्रीण दर वर्षी म्हणायची, "ते पाणी जिथून उडी घेतं, तिथं एकदा जायचंय. आणि एकटीनं."

वय त्रेपन्न. घरातून कुणाची आडकाठी नव्हती. अडवलं ते आम्हीच. "सोबत का नको? आमचं काही चुकलं का?" इथपासून "लोक काय म्हणतील?" इथपर्यंत सगळं बोलून झालं. ती शांतपणे म्हणाली, "आयुष्यभर कुणाच्या तरी चालीनं चालले. एक दिवस माझ्या चालीनं चालून बघते."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण एक अट घातली. एकटी जा, पण सांगून जा. तिनं वहीच्या पानावर लिहून दिलं: कुठल्या वाटेनं जाणार, कुठवर जाणार, किती वाजता मागे फिरणार. दुपारी चारपर्यंत फोन आला नाही, तर आम्ही ११२ नंबरला कळवायचं.

अट उगाच नव्हती. जुलै २०२२ मध्ये याच अंजनेरीवर शंभराहून जास्त पर्यटक अडकले होते. पठारावर चढणारी पायऱ्यांची वाट एका घळीतून जाते. जोराचा पाऊस आला आणि त्या पायऱ्यांवरूनच पाण्याचा लोंढा सुटला. वन विभागाच्या माणसांनी हाताला हात देऊन लोकांना खाली आणलं. हे असं का होतं? वर पठारावर मातीचा थर पातळ आहे, खाली सलग काळा कातळ. पाणी मुरायला जागाच नाही. पडलेला पाऊस थेट घळीकडे धावतो. म्हणजे वाट म्हणून चढलो, तोच परतताना धबधबा झालेला असू शकतो.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी ती पहिल्या बसनं निघाली. रविवार मुद्दामच टाळला. पिशवीत दशम्या, गूळ, दोन बाटल्या पाणी, शिट्टी, हातात काठी. खाणं पिशवीच्या तळाशी, कारण तिथली माकडं हातातलं हिसकावून नेतात. फाट्यावरून गाव, गावातून पायथा, मग पायऱ्या. दम लागला की थांबायची. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही. दहाच्या सुमारास ती पठारावर पोचली. हिरवंगार पठार, फुलांचे ताटवे. अंजनेरीच्या नावानंच ओळखलं जाणारं एक कंदीलपुष्प या भागात सापडतं. म्हणून पायवाट न सोडता, जपून पाऊल टाकत ती चालली.

कड्याच्या टोकाकडे जायला एक ओहोळ ओलांडायचा होता. पाणी जेमतेम घोट्याएवढं. पलीकडे पंधरा मिनिटांवर तो माथा. ती काठावर उभी राहिली आणि पाहते तो काय, नितळ पाणी गढूळ होऊ लागलं. काड्या, पालापाचोळा वाहून येऊ लागला. ती उभी होती तिथं थेंबही पडत नव्हता. पण वरचा बालेकिल्ला ढगात बुडालेला. म्हणजे पाऊस तिकडे चालू होता.

ती मागे फिरली. थेट पायऱ्या उतरून पायथ्याशी आली आणि दीड वाजता आम्हाला फोन केला.

आता आमची चूक ऐका. त्या दिवशी पाणी काही चढलं नाही. तासाभरात ढग पांगले, लख्ख ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला हसलो. "एवढी धडपड करून पंधरा मिनिटांवरून परत? घाबरलीस ना?" ती काही बोलली नाही. पण चार दिवस चालायलाही आली नाही.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. पूर आला असता, तर आम्हीच तिला शहाणी म्हटलं असतं. पूर आला नाही, म्हणून तिचा निर्णय चुकीचा ठरतो का? साखळी करायला दुसरा हात लागतो. एकटीजवळ तो नसतो. म्हणून तिनं चारचौघींपेक्षा लवकर फिरायचं असतं. आणि घरी हसणाऱ्या बायका बसल्या असतील, तर पुढच्या वेळी ती फिरणार नाही. पाण्यात पाय घालेल. आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली.

आश्विनात, पाऊस ओसरल्यावर, ती पुन्हा गेली. तशीच एकटी, तसंच लिहून ठेवून. या वेळी ओहोळाचे दगड उघडे होते. माथ्यावर पोचली. काठाचा कातळ शेवाळलेला, म्हणून चार हात मागेच बसली. आम्ही विचारलं, "कसा दिसतो गं वरून धबधबा?"

ती म्हणाली, "दिसतच नाही. पाणी पुढे जातं आणि नाहीसं होतं. नुसता आवाज येतो. मी तिथं बसून दशमी खाल्ली."

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाला असं जावंसं वाटत असेल, तर जरूर जा. वाट आधी कुणाबरोबर तरी बघून ठेवा. वेळ लिहून ठेवा. पाणी गढूळ झालं, आवाज वाढला, तर ओलांडू नका. वाटेतच अडकलात, तर उंच जागी बसून राहा. पाऊस थांबला की असं पाणी बहुधा काही तासांत उतरतं. आणि तुमची मैत्रीण अर्ध्यातून परत आली, तर तिला चहा द्या, कारण विचारू नका.

आमच्या वहीत आता दुसरं पान लिहून झालंय. पुढच्या महिन्यात आणखी एक जण एकटी निघणार आहे. चार वाजेपर्यंत आम्ही फोनजवळ बसू.